पाणी नितळ येईपर्यंत

काखेतीत द्राक्षं उतरवण्याआधी
रांजण जागेवरच धुतात.
ते हलवता येत नाहीत,
पणजोबांनी गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवलेत.
माणसानेच आत उतरायचं.

मी एकसष्ट वर्षांचा. खांदे अजून मावतात,
पोट मात्र आत ओढावं लागतं.
शिडी, कंदील, चेरीच्या सालींचा कुंचा,
आणि वर, रांजणाच्या तोंडाशी पालथी पडलेली
नऊ वर्षांची एतेरी.
तिचं काम एकच, ऐकत राहणं.
तळाशी कधी कधी वाईट हवा बसून असते,
दिसत नाही, वास येत नाही,
पेंग आल्यासारखा माणूस टेकतो आणि उठत नाही.
म्हणून धुणाऱ्याने बोलत राहायचं.
आवाज थांबला की वरच्याने दोर ओढायचा.

नऊ वर्षांची पोर काय ओढणार मला?
"थांबलात तर ओतार आजोबांना हाक मारीन,"
ती सहज म्हणते,
जणू भिंतीपलीकडे राहणारा तो
माझा सख्खा भाऊ नाहीच,
जणू अकरा वर्षं आमच्या मध्ये
एका तोडलेल्या अक्रोडाचं खोड आडवं पडलेलं नाही.

मी घासत राहिलो, बोलत राहिलो.
आधी बसचे थांबे म्हटले,
बावीस वर्षं हाकलेला तेलावीचा रस्ता, जाताना आणि येताना.
मग पाढे. मग मेलेल्या कुत्र्यांची नावं.
ती संपली तेव्हा उरली लहानपणी आईने शिकवलेली प्रार्थना,
स्वर्गातल्या बापाला उद्देशून केलेली.

नाव पवित्र मानलं. राज्य मागितलं.
भाकर मागितली.
आणि क्षमेच्या ओळीपाशी कुंचा थांबला.
माझी क्षमा मागून झाली होती,
पुढचा अर्धा भाग घशात अडकला:
जशी आम्ही...

चर्चमध्ये अकरा वर्षं
मी तिथेच ओठ नुसते हलवत आलो.
शेजारच्यांच्या आवाजात माझी गाळलेली जागा
बुजून जायची.
पाद्र्यालाही कधी कळलं नाही.
इथे बुजवायला दुसरा आवाज नव्हता.

"आजोबा?"
कंदील मिणमिणला, की मलाच तसं वाटलं.
"आजोबा, बोला!"
वर एवढंसं गोल आभाळ, त्यात तिचं डोकं.
पोर खरंच उठू लागली होती.

तेव्हा म्हटलं.
प्रेमाने नाही, खोटं कशाला सांगू;
जीव वाचवायला म्हटलं.
जशी आम्ही ओतारला.
रांजणाने ते नाव परत दिलं,
जाड, ओलं, आमच्या बापाच्या आवाजात.
मी दुसऱ्यांदा म्हटलं.
तिसऱ्यांदा म्हणताना डोळ्यांतून आलेलं
धुण्याच्या पाण्यात मिसळलं, कुणी वेगळं काढलं नाही.

पहिलं पाणी काळं निघालं,
दुसरं जांभळट, तिसरं गढूळ.
आमच्याकडचा नियम असा,
धुणाऱ्याला पिता येईल असं पाणी येईपर्यंत धुवायचं.
चौथं ओंजळीत घेऊन चाखलं.
आंबूस. अजून थोडं आंबूस.
पाचवं मागवलं.

वर आलो तेव्हा गुडघे तेच होते,
नखांत गाळ तोच.
दारावरचा वेलीचा क्रूस,
झुकल्या हातांचा, तसाच झुकलेला.
पण त्याच्याकडे पाहताना
आज मान खाली घालावीशी वाटली नाही.

संध्याकाळी कुंचा घेऊन भिंतीशी गेलो.
ओतार शेंगा सोलत बसला होता.
म्हातारा झालाय. मी पाहिलंच नव्हतं.
"तुझे दोन रांजण बाकी आहेत ना," मी म्हटलं.
"तू उतरलास की वर कोण बसणार आहे?"

तो हातातल्या शेंगेकडे बघत राहिला,
मी हातातल्या कुंच्याकडे.
किती वेळ गेला, प्रभू जाणे.
मागून एतेरी ओरडली,
"आजोबा, बोला!"

आम्ही दोघांनीही वळून पाहिलं.